मालवण एक्स्चेंजची नवी उशी

— नाही हो, तुम्ही खोटं बोलता असं मी कुठे म्हटलं? बॅटऱ्या तपासायला आलात, तर तपासा बॅटऱ्या, त्या पलीकडच्या खोलीत आहेत. मी आपलं एवढंच म्हणते, की काल दुपारी वरच्या कचेरीतून आमच्या पोस्टमास्तरांना जो फोन आला — ‘एक माणूस पाठवतोय, बॅटरीवाला म्हणून सांगा, ऑपरेटरांच्या डोक्यावर कामाचा ताण किती ते मोजायचंय, त्यांना सुगावा लागू देऊ नका’ — तो फोन मास्तरांना जोडून कोणी दिला असेल? भुताने? मीच दिला. मध्ये ऐकू नये हे मलाही कळतं, पण लाइन चालू आहे की तुटली ते बघायला कानाला लावावंच लागतं, आणि एकदा लावलं की — कानाला काय झाकण असतं? बसा. स्टुलावर बसा, लाजू नका. पिशवीतलं ते यंत्र मांडीवरून खाली ठेवा, पडेल. माझा ताण कुठे पळून जात नाही, इथेच आहे तो, रात्री आठपर्यंत.

तुम्ही पहिले नव्हे, म्हणून सांगते. गोवा सुटला ना, त्यानंतर दोनेक वर्षांनी एक डॉक्टर आले होते मुंबईहून. डॉक्टर भडसावळे. औषध देणारे नव्हेत, मनाचे डॉक्टर, कुठल्याशा संस्थेतले. तेव्हा आम्ही इथे तिघं होतो — मी, रात्रपाळीला फकरुद्दीनभाय आणि सकाळी जानकी. जानकी म्हणजे धोंडू तांडेलाची मुलगी. धोंडूचे डोळे गेल्यापासून मचवा विकलेला, घरात हिचाच पगार. खात्याला कोडं पडलं होतं, की एवढ्याशा मालवणाला तीन ऑपरेटर कशाला, दोघं पुरेत की नाहीत? आता साधी गोष्ट — येऊन बसायचं, बघायचं. पण डॉक्टर म्हणाले, फोन मोजून काम कळत नाही. काम मनात असतं. मन शिणलं की श्वास बिघडतो, छाती धडधडते, माणूस खुर्चीत चुळबुळतो — ते मोजलं की भार कळला. फक्त माणसाला पत्ता लागता कामा नये, नाहीतर तो नाटक करतो. म्हणून त्यांनी काय शोधून काढलं? उशी. खुर्चीवरच्या उशीत रबराची पिशवी शिवायची, पिशवीची नळी भिंतीच्या भोकातून बॅटरीच्या खोलीत न्यायची, तिथे काजळी धरलेल्या कागदाचा एक डबा गरगर फिरतोय आणि नळीच्या टोकाची सुई त्याच्यावर रेघ काढतेय. आम्ही इथे श्वास घ्यायचा, तिथे सुई हलायची. आणि आम्हाला सांगायचं — खात्याने तुमच्या पाठीची काळजी घेऊन मऊ उशा पाठवल्यात.

थांबा हां — मालवण. बोला… सावंतवाडी लागत नाही हो, अर्ध्या तासाने करा… अहो, मी काय धरून ठेवलीय सावंतवाडी? — हां. तर हे सगळं गुपित डॉक्टरांनी आमच्या गुरुदास मास्तरांना कळवलं कसं? ट्रंककॉलने! आणि मास्तर कानाने मंद. ‘उशी’ म्हटलं की ‘कुशी?’ म्हणायचे. शेवटी डॉक्टर मुंबईहून ओरडले — ‘उशी! रबराची पिशवी! बायकांना सांगू नका!’ — आणि मास्तर इथून ओरडले — ‘नाय सांगणार! बायकांना नाय सांगणार!’ पोस्टात मनिऑर्डरीची रांग लागलेली. जानकीने लाइन जोडली होती, तिने ऐकलंच, पण रांगेनेही ऐकलं. डॉक्टर अजून बोटीत चढायचे होते, आणि इकडे मासळीबाजारात बायका मला विचारतायत — ‘काय गो नर्मदे, तुमची उशी इली?’

आले डॉक्टर. उंच, गोरे, उन्हाची टोपी, बोलायला गोड. आम्हाला म्हणाले, मी इमारतीची ओल तपासायला आलोय. आम्ही म्हटलं, तपासा. ओल भरपूर आहे. उशीवर बसलो. तुम्ही कधी बसलायत का, आपला श्वास कोणीतरी पलीकडे वाचतंय हे ठाऊक असताना? साधा श्वास घेता येत नाही हो! नाकातून घ्यावा की तोंडातून हेच आठवेना. फकरुद्दीनभायने हिशेब केला, की भार जास्त दिसला तर तिघांच्या नोकऱ्या राहतील. मग तो प्रत्येक फोनाला दम धरायचा. ‘कॉल इलो की मी दम धरतंय,’ म्हणायचा, ‘कॉल संपलो की सोडतंय.’ डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी मास्तरांना सांगितलं, तुमच्या रात्रीच्या माणसाला दमा आहे, त्याला सुट्टी द्या. मी? मी आपली सासूची आठवण काढायचे. मेली बिचारी, तिच्याबद्दल वाईट बोलू नये, पण आठवण काढली की अजून माझा श्वास वर जातो. फोन आला, की मनातल्या मनात सासूला उभी करायची. माझा कागद बघून डॉक्टर खूष — ‘ऑपरेटर एक, भार उत्तम!’ सत्यवान लाइनमन बॅटरीच्या खोलीत असायचा, तो सगळं येऊन सांगायचा. हो, त्यालाही ओल तपासायलाच मदतीला घेतला होता.

आणि जानकी? तिला मी हजारदा समजावलं. अगो, थोडी हल तरी खुर्चीत! बापसाचे डोळे आठव, पावसाळ्यात गळणारं छप्पर आठव, काहीतरी आठव! तर म्हणते कशी — ‘माका जमता तसा मी काम करतंय, नर्मदाबाय. सुयेक काय काढूचा ता काढूंदे.’ आता त्या चेडवाची रीतच तशी. बोर्डावरची झाकणं — फोन आला की त्याच्या नंबराचं झाकण पडतं — पटापट पडायला लागली, की माझ्यासारखीचे हात गोंधळतात, आवाज चढतो. तिचा उलटा उतरायचा. काम वाढेल तशी ती संथ व्हायची. एका हाताने वायर खोचतेय, दुसऱ्याने काढतेय, तोंडाने ‘नंबर सांगा’ — आणि श्वास असा, की झोपलेल्या पोराचा. मग कागदावर काय उमटणार? सरळ रेघ. आमच्या बंदराच्या धक्क्यासारखी सरळ. डॉक्टरांनी लिहिलं — ‘ऑपरेटर दोन, मानसिक भार नगण्य.’ नगण्य! सत्यवानाने मला येऊन विचारलं, नगण्य म्हणजे काय? मी म्हटलं, नगण्य म्हणजे घरी जा.

तिला कळलं. दुपारी डबा उघडला, अर्धा खाल्ला, अर्धा झाकून ठेवला. एवढंच. माझ्या मनात आलं, की आता तरी ही घाबरेल, रेघ वाकडी होईल. कुठली व्हायला!

मग ते आश्विनातलं वादळ. तुम्ही घाटावरचे, तुम्हाला नाही कळायचं. पावसाळा सरला म्हणून सगळे मचवे बाहेर पडलेले, आणि दिवसाढवळ्या आभाळ काळं झालं. दर्या असा उठला, की किल्ल्याच्या तटावरून पाणी आत. तारा कशा टिकल्या देव जाणे. सकाळपासून बोर्डावरचं एक झाकण वर राहीना. बंदरातला साहेब देवगड मागतोय, देवगड वेंगुर्ला मागतंय, दवाखाना कणकवली मागतोय, मुंबईहून चाकरमानी ओरडतायत — आमचो बापूस खंय आसा, आमचो भाव खंय आसा! माझी पाळी नव्हती, पण मी धावत आले, जानकीच्या मागे उभी राहिले. आणि दारात फकरुद्दीनभाय. त्याच्या भावाचा, नुरुद्दीनचा मचवा बाहेर होता. सोबत नुरुद्दीनची बायको, मुनिरा, भिजलेली, डोईवरचा पदर दातात धरून उभी. आत यायला मनाई, म्हणून उंबऱ्याबाहेर. नुसते जानकीच्या पाठीकडे बघत होते.

आणि जानकी काम करत होती. दर दोन कॉलांच्या मध्ये, जिथे फट सापडेल तिथे, ती देवगडला विचारायची — त्याच आवाजात हो, ‘नंबर सांगा’ म्हणतात त्या आवाजात — ‘देवगड, मालवण बोलतंय. नुरुद्दीनचो मचवो खाडयेत इलो काय?’ नाही. पुन्हा दुसऱ्यांचे कॉल. पुन्हा — ‘देवगड, इलो काय?’ नाही. मी भिंत धरली.

आता गंमत ऐका. त्याच वेळी डॉक्टर पलीकडच्या खोलीत सुईकडे बघत बसलेले. बाहेर वारा छप्पर उपटतोय, आणि सुई काय काढतेय? सरळ रेघ! त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. नळी चाचपली, पिशवी फुटली का बघायला इकडे आले. सगळी झाकणं पडलेली, तिचे दोन्ही हात चाललेले — ते डोळ्यांनी बघितलं त्यांनी, उभं राहून बघितलं! आणि मला हळूच विचारतात — ‘बाई, ही श्वास घेतेय ना?’ मी म्हटलं, घेतेय की. तर मान हलवून परत आत गेले. सत्यवान सांगतो, त्यांनी तारीख घातली आणि लिहिलं — ‘ऑपरेटर दोन, निष्क्रिय.’ डोळ्यांवर नाही विश्वास ठेवला, सुईवर ठेवला. असू दे. शिकलेल्या माणसाला कशावर तरी विश्वास ठेवावाच लागतो.

दुपार कलली तेव्हा देवगड म्हणालं, इलो. जानकी मागे न वळता म्हणाली — ‘फकरुद्दीनभाय, नुरुद्दीन देवगडच्या खाडयेत आसा. बरो आसा.’ आणि लगेच दुसरी वायर खोचली — ‘बोला वेंगुर्ला.’ मुनिरा तिथेच उंबऱ्यावर बसली. फकरुद्दीनभाय टोपी काढून पुन्हा घालत होता, पुन्हा काढत होता…

वारा पडला, कॉल उतरले. आणि डॉक्टरांचा स्वतःचा ट्रंककॉल आला, मुंबईहून, त्यांच्या वरच्या साहेबाचा. बाहेरच्या बूथमधल्या फोनात पाणी गेलेलं. म्हणून जानकी उठली, त्यांना म्हणाली, साहेब, इथेच बसून बोला. आणि ती मागच्या दाराने गेली. मी उभ्या उभ्या बोर्ड घेतला. डॉक्टर बसले — कुठे? उशीवर! स्वतः शिवलेल्या उशीवर, आणि विसरले. साहेब तिकडून काय म्हणाला ते मी — लाइन खराब होती, तुटली तर पुन्हा जोडावी लागते, म्हणून ऐकावं लागलं — साहेब म्हणाला, भडसावळे, इतके महिने उशा शिवताय, एक तरी उपयोगाचा आलेख आहे का? नसला तर तुमचा विभाग बंद, तुम्हाला गोदामात टेबलं मोजायला बसवतो. अहो, काय घाम फुटला माणसाला! ‘सर, सर’ करत या कुशीवरून त्या कुशीवर, खुर्ची करकरतेय, श्वास घशात. पलीकडून सत्यवान ओरडत आला — ‘नर्मदाबाय, सुई पिसाळली!’ मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. सुईने म्हणे असे डोंगर काढले, की कागद फाटला.

डॉक्टर आत गेले आणि आनंदाने किंचाळलेच. वादळ, ऑपरेटर दोन, आणि हे डोंगर! त्यांनी तिथल्या तिथे शास्त्र बांधलं — शांत स्वभावाच्या माणसाला भार कामाच्या वेळी येत नाही, काम संपल्यावर येतो. ‘विलंबित भार!’ मास्तरांचे दोन्ही हात धरून हलवले. मास्तर म्हणाले, ‘विलायती भात?’

मी गप्प बसले असते. तुम्हीही बसला असतात. जानकीची नोकरी वाचत होती हो त्या डोंगरांनी! पण ती परत आली, तोंड धुतलेलं, पदराने पुसत, आणि ऐकलं तिने. सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ‘साहेब, तेव्हा खुर्चीवर मी नव्हते. तुम्ही होतात.’ डॉक्टरांनी कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे. मग चष्मा पुसला आणि म्हणाले — शब्द न् शब्द आठवतो मला — ‘बाई, शास्त्रात ऑपरेटर म्हणजे जो खुर्चीवर असतो तो.’ आणि कागद गुंडाळला.

आणि आणखी सांगू? त्यांचं शास्त्र खोटं नव्हतंच मुळी. कॉल संपला तशी मी मागच्या दाराशी डोकावून आले होते ना. विहिरीच्या कठड्याला धरून जानकी ओकत होती. अंगाला असा काप, की कळशी हातातून पडली. मग बसली आणि रडली, आवाज न करता. तिथे कुठे उशी होती?

थांबा — मालवण… हो, जोडते… बोला. — तर तुम्हाला वाटेल, चला, नोकरी वाचली. खात्यात नोकरी अशी वाचते होय? वर अहवाल गेला, की मालवणच्या ऑपरेटर दोनवर भयंकर भार आहे. वर ज्याने तो वाचला तो हुशार. त्याने हुकूम काढला — एवढा भार बाईमाणसाला सोसायचा नाही, सबब तिला प्रकृतीच्या कारणास्तव हलक्या कामावर फोंडाघाटला पाठवावं. आणि भार जागेमुळे होता, तेव्हा जागाच रद्द! झालं. तिघांचे दोघे.

तेव्हा मात्र जानकीने ते केलं जे कधी केलं नव्हतं. ड्यूटीवर असताना स्वतःचा कॉल लावला. थेट हुकूम काढणाऱ्या साहेबाला. मी शेजारीच होते. म्हणाली, साहेब, मला ताण नाही, मला मालवणात राहू द्या, बाबांना दिसत नाही. साहेब हसला. म्हणाला, तुमच्या आवाजावरून ताण दिसत नाही खरा. पण ताण नसेल तर जागेची गरजच नाही, तुम्हाला घरी बसवावं लागेल. ती म्हणाली, मग ताण आहे. तो म्हणाला, आहे ना? मग फोंडाघाट. जानकी म्हणाली, ‘साहेब, मालवणात राहायला मी किती घाबरायचं, तेवढं सांगा. मी तेवढीच घाबरेन.’ साहेबाने फोन ठेवला. उद्धट म्हणून शेरा मारला तो वेगळाच.

गेली. एसटीच्या थांब्यावर मुनिराने तिच्या हातात सुक्या बांगड्यांचं पुडकं दिलं, नुरुद्दीनने ट्रंक टपावर चढवली. धोंडू तांडेल बायकोचा, काशीबाईचा हात धरून उभा होता, एसटी निघून गेली तरी भलत्याच बाजूला तोंड करून हात हलवत होता. फोंडाघाटला फोन तरी किती? लाकूडवाल्याचा, पोलिसांचा, डाकबंगल्याचा, नि एक नेहमी बंद. मला लाइनवर म्हणायची — ‘नर्मदाबाय, हंय इतकी शांतता आसा, की माझो श्वास माकाच ऐकाक येता. झाकण पडत नाय नि छाती धडधडता.’ हलकं काम ना! डॉक्टर मात्र ते डोंगर घेऊन विलायतेला जाऊन आले. आल्यावर फोन केला, जानकीबाईंचे आभार मानायचेत. मी म्हटलं, बदली झाली तिची, तुमच्यामुळेच. तर म्हणाले, ‘वा! विश्रांती मिळाली तर!’

आणि गेल्या फाल्गुनात धोंडू गेला. सकाळचीच वेळ. काशीबाई इथे खिडकीशी आली, बोलता येईना तिला. मला कळलं. फोंडाघाट मीच लावलं. ‘जानके,’ म्हटलं, ‘बापूस—’ मी बोर्डावर डोकं ठेवून रडले, सांगते तुम्हाला, ड्यूटीवर. तिकडून तोच आवाज, नंबर विचारतात तो — ‘बरां. पयली यस्टी कधी आसा?’ मी सांगितली. ‘आवशीक खुर्ची द्या, उभी आसतली ती.’ आणि मग म्हणाली, ‘रडा नकात, नर्मदाबाय. लाइन सोडा, मागे कोणतरी थांबलेलो आसतलो.’

…नाही, काही नाही. डोळ्यात धूळ जाते. या खोलीत ओल आहे नि धूळपण आहे.

तर आता तुम्ही. मालवणातून तक्रारी येतात ना, की फोन लागत नाही? दोघांवर चालवल्यावर कसा लागेल? ते सांगायला यंत्र कशाला? पण आणलंयत, लावा. कानाला चिमटा लावायचाय की बोटाला? काल नीट ऐकू आलं नाही, नेमकी तिथेच खरखर होती. फक्त एक आधी सांगा — भार जास्त निघाला तर मला कुठे पाठवणार, आणि कमी निघाला तर कुठे? म्हणजे सामान त्या हिशेबाने बांधते. नाही सांगता येत? ठरायचंय? बरं. ठरू दे.

हे बघा, पडायला लागली झाकणं. चार वाजले की मासळीचे व्यापारी उठतात. आता बोलायचं नाही. मालवण… मालवण, बोला… हो, धरा… अहो बॅटरीवाले, उठा बघू. बाहेर बाकावर बसा. नाही, काही लिहू नका इथे. आणि पाय काढा — वायरीवर पाय आहे तुमचा, वेंगुर्ला तुटलं.